अक्षरं फुटतात ती फॉन्टमुळे, लिनक्समुळे नाही

परभणीतल्या आमच्या संस्थेच्या कार्यालयात सात कॉम्प्युटर आहेत, सगळ्यांवर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. आता व्यवस्थापन म्हणतंय, विंडोज टाका, कारण 'लिनक्सवर मराठी फुटतं'. जालना, नांदेड, लातूर, कुठल्याही कार्यालयात जा, हेच वाक्य ऐकू येतं. ते साफ चूक आहे.

विंडोज सगळ्यांनी वापरलेलंच आहे. उबंटूत मेनू वेगळा, बटणं इकडची तिकडं. आठ दिवसांत हात बसतो. वर्डऐवजी लिब्रेऑफिस, त्याचंही तसंच.

खरं अडतं ते जुन्या फाइलींपाशी. आस्थापनेच्या मॅडम जुनी सेवाज्येष्ठता यादी उघडतात आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती यादी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. कृतिदेवमध्ये 'क' साठवलाच जात नाही. फाइलमध्ये असतो इंग्रजी 'डी'. फॉन्ट त्याजागी 'क'चं चित्र दाखवतो. फॉन्ट नसला की चित्र जातं, 'डी' उरतो. नव्याकोऱ्या विंडोजवर कृतिदेव न टाकता तीच यादी उघडा, तीच खिचडी दिसेल. उलट उबंटूत कृतिदेव टाका, यादी वाचता येते.

युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. फॉन्ट मंगल असो, नोटो असो, किंवा मोबाइल असो, 'क' हा 'क'च राहतो. कृतिदेवच्या यादीत युनिकोडमधून 'कदम' शोधा, सापडणार नाही. आणि कृपा करून 'युनिकोड फॉन्ट पाठवा' म्हणू नका. युनिकोड हा फॉन्ट नाही, अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत आहे. जुन्या फाइली एकदा कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. पुढचं टाइपिंग इनस्क्रिप्टनं करा; तो कीबोर्ड विंडोज आणि उबंटू दोन्हीकडे मिळतो.

हिशेबाच्या टॅलीला आणि छापखान्याच्या पेजमेकरला विंडोज लागतं, हे मान्य. त्यासाठी एक मशीन विंडोजचं करा, माझी हरकत नाही. उरलेली सहा मशीनं चौथ्या पिढीच्या आय-थ्रीची आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इतके जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. म्हणजे एका फॉन्टपायी सहा चालती मशीनं भंगारात जाणार.

साहेबांना मी एवढंच सांगितलंय: खरेदीच्या कागदावर सही करण्याआधी ती यादी कृतिदेव नसलेल्या विंडोजवर माझ्यासमोर उघडून बघा.