‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’: ही ओळ कायदा नव्हे

समज असा: बिलावर ही ओळ छापलेली असली की विषय संपला, फाटका माल निघाला तरी आपलंच नशीब.

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर साडी घ्या नाहीतर चप्पल, पावतीच्या तळाशी ही ओळ सापडतेच. छापील आहे म्हणजे नियमच असणार, असं वाटणं साहजिक आहे. वर्तनाचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ सांगतात की समोर ठेवलेली अट माणूस सहसा तशीच स्वीकारतो. शे-दोनशे रुपयांसाठी पुन्हा गर्दीत जायचं, वाद घालायचा, हे नकोसं वाटतं. ओळीचं खरं बळ इथं आहे.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम २(४७). सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. ‘परत घेणार नाही’ ही मुदत नव्हे, नकार आहे.

इथं एक शब्द महत्त्वाचा: सदोष. घरी आल्यावर रंग आवडला नाही किंवा वहिनींना काठ पसंत पडला नाही, तर एवढ्यावरून दुकानदार बांधील नाही. बदलून दिलं तर त्याचा चांगुलपणा. पण पहिल्याच धुण्यात शिवण उसवली तर गोष्ट वेगळी.

पडताळायचं असेल तर कायद्याचा मजकूर सरकारी संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. बिल मात्र जपून ठेवा.