साडेबारा व्होल्ट, तरी इंजिन फिरेना

चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लख्ख लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, पण सेल्फ मारला की इंजिन कण्हत कण्हत दोन फेरे घेतं आणि गप्प होतं. डिझेल पिकअपचं असं झालं की बहुतेक जण बॅटरी गेली म्हणून मोकळे होतात. मीही तेच धरून चाललो होतो. पण मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर 12.6 व्होल्ट. शिसं आणि आम्लाच्या बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येकाचा दाब साधारण 2.1 व्होल्ट. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली होती. स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, काढून वेगळा तपासला, तोही जोमानं फिरला. आता या दोघांच्या मध्ये उरली होती फक्त एक केबल, आणि ती बाहेरून धडधाकट दिसत होती.

ती काढून टोकाजवळ ब्लेडनं उभी चिरली. काळ्या वेष्टणाखाली लालसर तांबं दिसायला हवं होतं. तिथे निळसर हिरवी भुकटी होती आणि भुकटीत अडकलेल्या काळ्या पडलेल्या तारा. चार-पाच तारा चिमटीत धरून वाकवल्या, तर वाळलेल्या काडीसारख्या मोडल्या. टोकापासून वीतभर आत गेल्यावर कुठे तांब्याचा खरा रंग दिसू लागला.

डिझेल इंजिनाला हे एवढं का जाचतं, ते त्याच्या पेटण्याच्या पद्धतीत आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये ती नाही. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी आणि तिच्यात फवारलेलं डिझेल स्वतःहून पेटावं. साधारण 18 पट दाबलेली 20 अंश सेल्सिअसची हवा, कुठेही उष्णता न गमावता, हिशेबानं 650 अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या थंड भिंती त्यातली बरीच उष्णता खेचून घेतात आणि थोडी हवा पिस्टनच्या रिंगांजवळून निसटते. पिस्टन जितका हळू वर येईल, तितका या दोन्ही गळतींना जास्त वेळ मिळतो. म्हणून डिझेल इंजिन नुसतं फिरून भागत नाही, ते एका किमान वेगानं फिरावं लागतं. त्या वेगाखाली ते कितीही वेळ फिरवा, हवा पुरेशी तापतच नाही. थंडीत तर तेल घट्ट होतं, भिंती गार असतात, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडर आधी तापवणाऱ्या विजेच्या कांड्या, त्याच बॅटरीतून आपला वाटा आधीच घेऊन बसलेले असतात. कित्येक मोठ्या डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात, त्या याचसाठी.

एवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायचं म्हणजे स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात. पहिल्या क्षणी, मोटर अजून स्थिर असताना, त्याहूनही जास्त. या आकड्यामुळे केबलचा सगळा हिशेब बदलतो. गेऑर्ग ओहमनं 1827 साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. घरातल्या दिव्याचा करंट अर्ध्या अँपिअरहून कमी, त्यामुळे तारेच्या सांध्यात 6 मिलिओहम, म्हणजे ओहमचे 6 हजारांश, जास्त आले तरी काही फरक पडत नाही. 400 अँपिअरला तेच 6 मिलिओहम 2.4 व्होल्ट गिळतात.

2.4 व्होल्ट थोडे वाटतील, पण मोटरच्या आत काय होतं ते बघा. स्टार्टरच्या स्वतःच्या गुंडाळ्यांचा आणि ब्रशांचाही रोध असतो. समजा तो 10 मिलिओहम आहे, तर 400 अँपिअरला 4 व्होल्ट तिथेच खर्च होतात. उरलेल्या व्होल्टवर मोटरचा वेग ठरतो. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब 9.8 व्होल्टपर्यंत उतरला, केबल चांगली असली तर वेगासाठी साधारण साडेपाच उरतात. हिरवी पडलेली केबल असली तर जेमतेम 3.4. वेग पाहता पाहता चाळीस टक्क्यांनी खाली येतो, आणि डिझेलला नेमका वेगच तर हवा असतो. शिवाय ते 2.4 व्होल्ट कुठे नाहीसे होत नाहीत. 400 अँपिअरनं गुणले तर 960 वॉट होतात, म्हणजे एका इस्त्रीएवढी उष्णता, वीतभर खराब तांब्यात. माझी केबल दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर टोकाशी हाताला चांगली गरम लागत होती. खरं तर तिथेच मला ओळखायला हवं होतं.

मग मल्टिमीटरनं हे आधीच का सांगितलं नाही? त्याला योग्य वेळी विचारलं नाही म्हणून. इंजिन शांत असताना केबलमधून करंटच जवळजवळ वाहत नाही. करंट शून्य, तर रोध कितीही असो, व्होल्टेजची घटही शून्य. ओहमवर ठेवून केबल मोजावी, तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ओहमच्या एक-दोन दशांश भरतो, आपण शोधतोय त्याच्या कित्येक पट. शेकडो तारांपैकी दहाच शाबूत उरल्या, तरी मीटरचा इवलासा करंट त्यातून आरामात जातो आणि वाट अखंड आहे असं सांगणारा बीप वाजतो. त्या बीपवर माझा भरवसा उरलेला नाही.

खरी परीक्षा भार असताना घ्यायची. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या धन खांबावर टेकवायचं, त्याला आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर. काळं टोक स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्या कुणीतरी सेल्फ मारायचा. त्या काही सेकंदांत मीटर जो आकडा दाखवतो, तेवढे व्होल्ट वाटेतच मेले. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर चालतं. माझ्याकडे 2.4 आला. टप्प्याटप्प्यानं पुढे जात, खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, असं मोजलं की चोर नेमका कुठे बसलाय तेही कळतं. इतकी साधी चाचणी सोडून लोक बॅटऱ्या बदलत राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तांबं आतून कुजतं कसं, हेही पाहण्यासारखं आहे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि सोबत गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब बाहेर येतात. खांबाभोवती ते शिशाशी भिडले की पांढरट लेड सल्फेट तयार होतं. तांब्यावर नुसतं विरल गंधकाम्ल फारसं चालत नाही, पण हवेतला ऑक्सिजन जोडीला आला की निळं-हिरवं कॉपर सल्फेट बनू लागतं. केबल शेकडो बारीक तारांच्या पिळाची असते, आणि दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसा हा पीळ ओल आत आत ओढत नेतो. वेष्टण आता रक्षण करण्याऐवजी ती ओल कोंडून ठेवतं. मल्टिमीटरचं टोक खुपसून पाडलेलं एखादं छिद्रही त्या ओलीला पुरतं.

नवी केबल निवडताना बाहेरची जाडी पाहू नये; जाड रबराखाली बारीक तांबं असू शकतं. तांब्याचा छेद पाहायचा. 50 चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर केबलचा रोध सुमारे 0.7 मिलिओहम भरतो, म्हणजे 400 अँपिअरला 0.28 व्होल्ट. तारेचं टोक कापून खरवडून पाहा. आत रुपेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्के, तेव्हा त्याच जाडीत रोध दीडपटीहून जास्त होतो.

टोकाला लग, म्हणजे बोल्टवर बसणारं भोकाचं धातूचं टोक, बसवताना मी कथिलाच्या वाटेला जात नाही. वितळलेलं कथिल तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनाच्या थरथरीत नेमक्या त्या सीमेवर तारा तुटतात. शिवाय नेहमीचं शिसं-कथिलाचं मिश्रण 183 अंशांना वितळतं. मोठ्या क्रिंपिंग टूलनं दाबलेला लग जास्त विश्वासाचा. तो नीट दाबला गेला असेल तर मधोमध कापून पाहिल्यावर गोल तारा एकमेकींवर दबून मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी झालेल्या दिसतात, मध्ये हवेला जागाच उरत नाही. वर आतून डिंक असलेली, उष्णतेनं आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली की ओलीची वाट बंद.

काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. ऋण टोक आधी सोडायचं आणि सगळ्यात शेवटी जोडायचं. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्हींची ऋण टोकं. गाडीचं सगळं लोखंडी अंग ऋण टोकाला जोडलेलं असतं. ते जोडलेलं असताना धन टोकाच्या नटावरचा पाना चेसिसला टेकला, तर हजारभर अँपिअर पान्यातून धावतात. पाना जागीच चिकटू शकतो, आणि ठिणगीजवळ हायड्रोजन साचलेला असेल, हवेत चार टक्के पुरे, तर बॅटरी फुटते. बारा व्होल्टचा झटका कोरड्या कातडीला बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, पण इथला धोका झटक्याचा नाहीच, भाजण्याचा आणि स्फोटाचा आहे.

स्टार्टरच्या केबलवर सहसा फ्यूज नसतो. म्हणून ती सायलेन्सरपासून दूर, धारदार कडांपासून लांब, रबरी क्लिपांनी धरून न्यायची आणि इंजिनाच्या बाजूला थोडी ढिली ठेवायची, कारण सेल्फ मारताना इंजिन आपल्या बैठकीवर हिसका खातं.

अर्थची पट्टी, म्हणजे इंजिन आणि चेसिस जोडणारी तार, बहुतेक जण विसरतात. जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो, आणि इंजिन ते चेसिस ही वाट खराब असेल तर तो ॲक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती तापवतो. मी तिथला रंग खरवडून उघड्या लोखंडावर लग बसवला. खांब खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतले, फेस थांबेपर्यंत, पाणी सेलमध्ये जाणार नाही एवढं जपून. मग ब्रशनं शिसं चकचकीत केलं, क्लॅम्प आवळले आणि त्यानंतरच वरून व्हॅसलीन लावलं.

नंतर तीच चाचणी पुन्हा केली. धन बाजूला 0.35 व्होल्ट, अर्थच्या बाजूला 0.15. इंजिन दुसऱ्या फेऱ्याला पेटलं. शिसं मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं, म्हणून आठवड्यानं पुन्हा पाना लावून पाहिला. ऋण बाजूचा नट पाव फेरा फिरला.