बारा टेराफ्लॉप आणि कांदा-बटाटा मार्केटचं गेट

दहावीचा निकाल लागला आणि नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, बाबा गेमिंग कन्सोल घ्यायला तयार झालेत. प्लेस्टेशन ५ दहा टेराफ्लॉपचा आहे आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स बाराचा. दुकानवाले काका म्हणतात, डोळे झाकून बारावाला घ्या. तू काय म्हणतेस?" मी म्हटलं, रविवारी येते, तोवर पैसे भरू नका. या एकाच आकड्यावर कितीतरी घरांत हजारो रुपयांचा निर्णय होतो. तो आकडा नेमकं काय सांगतो, हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही.

आधी तो येतो कुठून ते पाहू. प्लेस्टेशन ५च्या ग्राफिक्स चिपमध्ये ३६ कॉम्प्युट युनिट आहेत आणि प्रत्येकात ६४ गणक. चिपच्या घड्याळाच्या एका ठोक्याला प्रत्येक गणक एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे २ क्रिया करू शकतो. हे घड्याळ सेकंदाला जास्तीत जास्त २२३ कोटी ठोके देतं. ३६ × ६४ × २ × २२३ कोटी असा गुणाकार केला की उत्तर येतं साधारण १०.२८ लाख कोटी. लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं, तोच टेरा; आणि फ्लॉप म्हणजे सेकंदाला होणारी एक गणिती क्रिया. सिरीज एक्समध्ये युनिट ५२, ठोके १८२.५ कोटी, म्हणून १२.१५. कुणी खेळ चालवून हे मोजलेलं नाही. सगळे गणक एकही ठोका न चुकवता राबले, तर किती क्रिया होतील, याचा हा हिशेब आहे.

सगळी गोम त्या 'तर'मध्ये आहे, आणि या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्टही तिथेच आहे.

कोपरखैरण्याच्या पुढचं स्टेशन तुर्भे. तिथल्या कांदा-बटाटा मार्केटात समजा एका गाळ्यावर नव्वद माथाडी कामगार उभे आहेत. हात तयार, पाठ तयार. पण गेटमधून गाडी एका वेळी एकच आत येते. गोणीच आली नाही तर नव्वद जणांनी उचलायचं काय? अशा वेळी आणखी अठरा जण आणून उभे केले, तर उभं राहणाऱ्यांची संख्या तेवढी वाढते.

चिपचंही तसंच आहे. आकडे राहतात मेमरीत, म्हणजे चिपच्या बाहेर, शेजारच्या वेगळ्या चिपांवर. प्लेस्टेशन ५मध्ये मेमरीतून सेकंदाला ४४८ गिगाबाइट माहिती आत येऊ शकते. ग्राफिक्समध्ये नेहमी लागणारा एक आकडा ४ बाइटचा, म्हणजे सेकंदाला ११,२०० कोटी आकडे. आता भागाकार करा. क्रिया १०.२८ लाख कोटी, आकडे ११,२०० कोटी. आत आलेल्या प्रत्येक आकड्यावर सुमारे ९२ क्रिया करायचं काम नसेल, तर काही गणक हातावर हात ठेवून थांबणार. खेळातली बरीच कामं एवढी नसतातच. भिंतीच्या चित्राचा एक ठिपका आणायचा, त्यावर सावलीचं थोडं गणित करायचं, पडद्यावर टाकायचा, झालं.

२०१३च्या प्लेस्टेशन ४मध्ये ताकद होती १.८४ टेराफ्लॉप आणि मेमरीचा वेग १७६ गिगाबाइट. तिथे एका आकड्यामागे ४२ क्रिया केल्या की गणक कामात राहायचे. २०२०पर्यंत ताकद साडेपाचपट झाली, रस्ता मात्र अडीचपटच रुंदावला. माणसं वाढत गेली, गेट त्या मानाने वाढलं नाही.

गेट का रुंदावत नाहीत? चिपच्या कडेवर तारांना जागा मोजकी असते. शिवाय एक आकडा बाहेरच्या मेमरीतून आत आणायला जी ऊर्जा लागते, ती त्याचा गुणाकार करायला लागणाऱ्या ऊर्जेच्या कितीतरी पट असते. अंतरही छोटं नाही. २२३ कोटी ठोक्यांच्या वेगात एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम १३ सेंटिमीटर जातो, तारेतला संदेश त्याहून कमी. मेमरीकडे मागितलेला आकडा हातात पडेपर्यंत शेकडो ठोके उलटतात. म्हणून चिपच्या आतच कॅश नावाची छोटी, चपळ साठवण ठेवतात. नेहमीच्या चार गोण्या गाळ्यातच रचून ठेवाव्यात तशी. चांगले प्रोग्रॅमर पडद्याचे लहान तुकडे पाडतात, आणलेला आकडा कॅशमध्ये असेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरतात, चित्रं दाबून छोटी करून आणतात. त्यांचं हे कसब खोक्यावर छापता येत नाही.

चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं, तर एका चित्राला वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात ४४८च्या वेगाने साडेसात गिगाबाइट माहिती वाचून होते. मशीनची मेमरी १६ गिगाबाइट. म्हणजे एक चित्र काढताना मशीन स्वतःची अख्खी मेमरी एकदासुद्धा वाचू शकत नाही! सिरीज एक्समध्ये १० गिगाबाइटचा भाग ५६०च्या वेगाचा आणि उरलेला ६ गिगाबाइटचा ३३६च्या. आता बारा विरुद्ध दहा ही तुलना किती अपुरी आहे ते बघा.

मार्केटच्या मागे गोदाम असतं, तसं मेमरीच्या मागे डिस्क. जुन्या कन्सोलची हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक मेगाबाइट द्यायची. प्लेस्टेशन ५ची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली नवी डिस्क, देते ५.५ गिगाबाइट, सिरीज एक्सची २.४. प्लेस्टेशन ५चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२०मधल्या भाषणात सांगितलं होतं, की हार्ड डिस्कवर शोधाशोध टाळण्यासाठी तीच माहिती काही खेळांत ४०० वेळा लिहून ठेवावी लागायची. खेळातली हळूहळू वर जाणारी लिफ्ट, उगाच लांबलेला अरुंद बोळ, ही पुष्कळदा डिस्कची वाट बघण्यासाठी केलेली सोय होती. पिढी बदलली तेव्हा घरातल्या माणसाला जाणवलेला मोठा फरक हा होता.

आणि टेराफ्लॉप सगळीकडे सारखेही नसतात. २०१७चा एक्सबॉक्स वन एक्स ६ टेराफ्लॉपचा, २०२०चा सिरीज एस ४चा. तरी मुख्य प्रोसेसर आणि डिस्क यांत सिरीज एस कितीतरी पुढे आहे. त्याची खरी अडचण आहे ती १० गिगाबाइटची तोकडी मेमरी.

रविवारी मी टेप घेऊनच गेले. सोफ्यापासून टीव्ही ८ फूट, टीव्ही ४३ इंची. ६/६ नजरेला एवढ्या अंतरावरून साधारण ०.७ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. या टीव्हीवर फुल एचडीचा एक ठिपकाच ०.५ मिलिमीटरचा असतो, फोरकेचा ०.२५. फोरकेसाठी मशीन २०.७ लाखांऐवजी ८२.९ लाख ठिपके रंगवतं, आणि त्या वाढीव कष्टाचा बहुतेक भाग त्या हॉलमध्ये कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही. पुढ्यात बसून, मोठ्या पडद्यावर, सेकंदाला १२० चित्रं हवी असतील, तर मात्र ताकद लागते आणि तिचे पैसे मोजावेत.

त्याच दुकानात पाच हजारांची सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबलही गळ्यात मारत होते, 'रंग उठून दिसतात' म्हणे. केबलमधून शून्य आणि एक जातात. ते पोचतात किंवा पोचत नाहीत, सोन्याने लाल रंग जास्त लाल होत नाही. खाडीच्या दमट हवेत सोनं गंजत नाही एवढाच त्याचा गुण. पुरेशा वेगाची केबल प्लेस्टेशन ५च्या खोक्यातच येते.

ताकदीने बाजार जिंकता येतो, हेही इतिहासात फारसं दिसत नाही. निन्टेंडो कंपनीचा १९८९चा हातात धरून खेळायचा गेम बॉय हिरवट राखाडीच्या चार छटांचा होता, पण ४ सेलवर तासन्‌तास चालायचा. त्याचा रंगीत पडद्याचा प्रतिस्पर्धी गेम गिअर ६ सेल काही तासांत संपवायचा. निन्टेंडोचाच २००६चा 'वी' हा कन्सोल ताकदीने प्लेस्टेशन ३च्या पासंगालाही पुरत नव्हता, तरी तो १० कोटींहून जास्त विकला गेला, कारण आजी-आजोबाही हात हलवून त्यावर खेळू शकत होते.

भाचीला मी विचारलं, तुझ्या मैत्रिणी कशावर खेळतात? बिल्डिंगमधल्या तिघींकडे प्लेस्टेशन ५ आहे आणि त्या खेळांच्या डिस्कची, म्हणजे सीडीसारख्या चकत्यांची, अदलाबदल करतात. निर्णय तिथेच झाला. डिस्कवाला प्लेस्टेशन ५.

राहिला प्रश्न जागेचा. तिच्या बाबांनी टीव्ही युनिटमधला काचेच्या दाराचा कप्पा दाखवला. मी हातच आडवा घातला. हे मशीन खेळताना २०० वॉटच्या आसपास वीज खातं, म्हणजे जवळपास तीन छताच्या पंख्यांइतकी, आणि ती सगळी शेवटी उष्णता होते. समोरून हवा घेऊन ते मागून फेकतं आणि कंपनीने त्याला भोवतालचं तापमान सांगितलंय ५ ते ३५ अंश. मे महिन्यातल्या त्या दुपारी हॉलमध्येच ३४ होतं. संध्याकाळी सुतार आला, त्याने कप्प्याची मागची प्लायची फळी पूर्ण काढली आणि काचेचं दार बिजागऱ्यांसकट उतरवून माळ्यावर ठेवलं.