टुमॉरो (ब्रिटिश बँड)

लंडनचा सायकेडेलिक (म्हणजे भास-स्वप्नांसारखा अनुभव देऊ पाहणारा) रॉक बँड. जेमतेम दीड वर्ष टिकला. कीथ वेस्ट (गायक), स्टीव्ह हाउ (गिटार), जॉन ‘ज्युनियर’ वुड (बेस) आणि ‘ट्विंक’ या नावाने ओळखला जाणारा ड्रमर जॉन ऑल्डर असे चौघे त्यात होते. बँडचे नाव आधी ‘द इन क्राउड’ होते आणि तो सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गायकीतून आलेले) संगीत वाजवत असे. १९६७ साली नाव बदलले आणि वाजवण्याची धाटणीही. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या यूएफओ क्लबात पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीनच्या बरोबरीने त्यांचे कार्यक्रम होऊ लागले.

मे १९६७ मध्ये ‘माय व्हाइट बायसिकल’ हे त्यांचे पहिले गाणे आले. अ‍ॅम्स्टरडॅममधल्या ‘प्रोव्हो’ या व्यवस्थाविरोधी चळवळीतल्या तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, कुणीही न्याव्यात म्हणून रस्त्यावर ठेवल्या होत्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या. गाण्याचा विषय हाच. निर्माता मार्क विर्ट्‌झ. उलटी फिरवलेली टेप, कुजबुजत म्हटलेले शब्द आणि मध्येच पोलिसाची शिट्टी, एवढ्या करामती असूनही गाणे कुठे भरकटत नाही, याचे बरेचसे श्रेय हाउच्या गिटारला द्यावे लागेल. ब्रिटनच्या विक्रीयादीत मात्र ते आले नाही.

बँडला खरा फटका बसला तो घरच्याच यशाचा. विर्ट्‌झच्या ‘अ टीनएज ऑपेरा’ या प्रकल्पातले एक गाणे वेस्टने स्वतःच्या नावावर गायले. म्हातारा वाणी जॅक मरतो आणि त्याला गृहीत धरणारे गाव हळहळते, अशी ती मुलांच्या कोरससह सांगितलेली गोष्ट. त्याच वर्षी ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. हाउची गिटार त्यातही आहे, पण टुमॉरोच्या संगीताशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी लोकांना वेस्ट म्हटला की वाणीच आठवे. बँडचा एकमेव अल्बम फेब्रुवारी १९६८ मध्ये निघाला, तोही मुखपृष्ठावर वेस्टचे नाव ठळक घेऊन. तोवर सायकेडेलियाचा भर ओसरला होता. अल्बम पडला आणि त्याच वर्षी बँड फुटला.

ट्विंक ‘प्रिटी थिंग्ज’ या बँडमध्ये गेला, पुढे ‘पिंक फेअरीज’मध्ये. हाउ १९७० मध्ये ‘येस’ या रॉक बँडला मिळाला आणि जगभर गाजला. पांढऱ्या सायकलीचे गाणेही अखेर विक्रीयादीत आले, पण १९७५ मध्ये आणि ‘नाझरेथ’ या स्कॉटिश बँडच्या आवाजात.