टिल्टरोटर विमान : प्रायोगिक रचनेतील अडचणी

पंखांच्या टोकांवरील रोटरांचा (फिरत्या पात्यांच्या चक्रांचा) अक्ष उभा ठेवून हेलिकॉप्टरप्रमाणे सरळ वर उठणारे आणि नंतर तेच रोटर पुढे कलवून विमानाप्रमाणे उडणारे यान. संपूर्ण पंखच कलवणाऱ्या विमानांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. अमेरिकेत जॉर्ज लेहबर्गर यांनी 1930 च्या सुमारास आणि ब्रिटनमध्ये लेस्ली बेन्स यांनी त्या दशकाच्या अखेरीस पेटंटे घेतली. जर्मनीतील फोके-आखगेलिस कंपनीचे एफए 269 हे यान दुसऱ्या महायुद्धात पूर्णाकृती प्रतिकृतीच्या पुढे गेले नाही. ट्रान्सेंडेंटल कंपनीचे मॉडेल 1-जी 1954 मध्ये उडाले व त्याचे रोटर विमानस्थितीच्या बरेच जवळ पोचले, परंतु पूर्ण रूपांतर (हेलिकॉप्टरस्थितीतून विमानस्थितीत पूर्णपणे जाणे) साधण्याआधीच 1955 मध्ये ते कोसळले. बेल कंपनीच्या एक्सव्ही-3 ने 18 डिसेंबर 1958 रोजी पूर्ण रूपांतर केले. काही लेखक पहिलेपणाचा मान 1-जी ला देतात. मात्र पूर्ण रूपांतर हाच निकष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. रॉबर्ट लिक्टेन हे अभियंते आधी ट्रान्सेंडेंटलमध्ये व पुढे बेलमध्ये होते, त्यामुळे वाद दोन कंपन्यांचा असला तरी विचारांचा धागा बराचसा एकच आहे.

रोटर कलवणे ही यातील तुलनेने सोपी बाब होय. खरी अडचण अशी की एकाच रोटराला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. अधांतरी स्थिर राहण्यासाठी मोठा व्यास आणि कमी पीळ (मुळापासून टोकापर्यंत पात्याचा बदलत जाणारा कोन) असलेली पाती सोयीची, तर वेगाने पुढे जाण्यासाठी लहान व्यास आणि भरपूर पीळ हवा. तडजोड म्हणून हेलिकॉप्टरच्या पात्यांपेक्षा कितीतरी अधिक पिळाची, आखूड व रुंद पाती वापरतात. व्ही-22 ऑस्प्रे या टिल्टरोटर विमानात प्रत्येक रोटराचा व्यास सुमारे 11.6 मीटर असून कमाल वजनाला उभे उड्डाण करताना रोटरचक्राच्या दर चौरस मीटरवर 110 किग्रॅ.हून अधिक भार येतो. भारतीय हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरमध्ये तो 37 किग्रॅ.च्या आसपास असतो. शिवाय रोटराखालीच पंख असल्याने खाली ढकललेल्या हवेचा झोत त्यावर आदळून सुमारे दहा टक्के जोर वाया जातो.

सर्वाधिक संशोधन झाले ते ‘व्हर्ल फ्लटर’ या दोषावर. वेग वाढला की फिरता रोटर, त्याचा आधार आणि लवचिक पंख एकमेकांना चेतवू लागतात व वेग मंदावलेल्या भोवऱ्याप्रमाणे रोटराचा अक्ष घुमू लागतो. हे घुमणे वेळीच शमले नाही तर पंख मोडतो. लॉकहीड इलेक्ट्रा या प्रवासी विमानाच्या 1959 व 1960 मधील दोन अपघातांमुळे या दोषाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. एक्सव्ही-3 च्या वातविवरातील (कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यातील) चाचण्यांतही अशीच अस्थिरता दिसली आणि 1966 मध्ये चाचणी चालू असतानाच त्याचा एक रोटर आधारासह निखळला. त्यावर उपाय म्हणून एक्सव्ही-15 या नंतरच्या प्रायोगिक टिल्टरोटरमध्ये (पहिले उड्डाण 1977, पूर्ण रूपांतर 1979) पंखाची जाडी रुंदीच्या 23 टक्के ठेवून तो ताठर करण्यात आला आणि झुलत्या पात्यांचा त्याला स्पर्श होऊ नये म्हणून तो किंचित पुढे झुकवण्यात आला. इतक्या जाड पंखामुळे हवेचा रोध वाढतो, म्हणजे वेगासाठी केलेली उठाठेव काही अंशी वेगाच्याच मुळावर येते.

एक इंजिन बंद पडल्यास दोन्ही रोटर फिरते राहावेत म्हणून पंखातून त्यांना जोडणारा आडवा दांडा नेतात. त्यामुळे गिअरबॉक्सांची संख्या, वजन आणि बिघाडाच्या जागा वाढतात. एप्रिल 2000 मध्ये ॲरिझोनातील मराना येथे व्ही-22 वेगाने खाली उतरत असताना एक रोटर स्वतःच्याच झोताच्या भोवऱ्यात सापडला आणि 19 जण मृत्युमुखी पडले. हेलिकॉप्टरमध्ये या अवस्थेत उचल (वर उचलून धरणारा जोर) खचते. इथे एकाच बाजूची उचल गेल्याने विमान उलटले.

खानदेशच्या हवामानात या मर्यादा अधिक ठळक होतील. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45° से.पर्यंत चढतो, तेव्हा हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटीवरील 15° से.च्या हवेपेक्षा) सुमारे 12 टक्के कमी भरते. सातपुड्यातील तोरणमाळ सुमारे 1,150 मीटर उंचीवर असल्याने तेथे 35° से.लाही ही घट 18 टक्क्यांच्या आसपास जाते. विरळ हवेत रोटराचा जोर आणि टर्बाइन इंजिनाची शक्ती दोन्ही एकदमच घटत असल्याने आधीच तोकड्या रोटराच्या विमानाला भार कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात उतरताना जोरकस झोताने धुरळ्याचा पडदा उभा राहून वैमानिकाला जमीन दिसेनाशी होईल व बारीक माती इंजिनात जाईल. व्ही-22 मध्ये इंजिनेही रोटरांबरोबर कलत असल्याने उतरताना त्यांचा तप्त धूर थेट जमिनीवर येतो आणि वाळलेले गवत पेटू शकते. बेलच्या व्ही-280 व्हॅलर या विमानात (पहिले उड्डाण डिसेंबर 2017) केवळ रोटर व त्यांचे गिअर कलतात आणि इंजिने आडवीच राहतात, त्यामुळे हा धोका बराच घटतो.