ऐपत आहे म्हणून हात खिशात जातोच असं नाही

घारापुरीच्या तिकीटखिडकीवर भारतीयाला 40 रुपये आणि परदेशी पाहुण्याला 600, हा फलक वाचून रांगेतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांना काय, डॉलरवाले! हजार लावले तरी देतील." या वाक्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. हजार रुपये परवडणं ही ऐपत. या जागेसाठी ते मोजावेसे वाटणं ही तयारी. ऐपत माणसाबरोबर विमानातून येते. तयारी इथे आल्यावर ठरते: समोर काय आहे, तशीच जागा दुसरीकडे कितीला बघायला मिळते, दर आधी ठाऊक होता की दारात कळला.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाने ही गल्लत करून पाहिली आहे. सप्टेंबर 1994 मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचं परदेशी पर्यटकांसाठीचं शुल्क सव्वा डॉलरच्या आसपास होतं, ते एकदम 15 डॉलर झालं. विमानाचं भाडं भरून आलेल्याला 15 डॉलर म्हणजे एका जेवणाचे पैसे. तरीही उद्यानांतली परदेशी गर्दी घटली, सहलवाल्यांनी ओरड केली आणि 1996 मध्ये दर 6 डॉलरवर आणावा लागला.

गंमत अशी, की त्याच सुमारास पोआस, इराझू आणि मान्युएल अँतोनियो या तिथल्या उद्यानांतल्या परदेशी पर्यटकांची पाहणी झाली आणि सरासरी तयारी 20 डॉलरच्या वर निघाली. मग लोक खोटं बोलले? मला नाही वाटत. सरासरीत 40 देणारा आणि 5 देणारा शेजारी-शेजारी बसतात. दर 15 झाला की पाचवाला घरी राहतो. शिवाय उद्यानात येऊन पोचलेल्यालाच विचारलं, तर बाहेरूनच समुद्रकिनाऱ्याकडे वळलेला मोजणीत येणार कसा? आणि तोंडी आकडा सांगायला पैसे पडत नाहीत, हे वेगळंच.

पोआस हा ज्वालामुखी. त्याच्या विवरावर सकाळ सरता सरता ढग उतरतात. कठड्याशी उभं राहून पांढरी भिंत बघून परतलेल्याला आणि खालचं निळसर-हिरवं तळं दिसलेल्याला एकच प्रश्न विचारा. पाकीट दोघांचं सारखं असलं तरी उत्तरं निराळी येतील.

रवांडाचं उदाहरण उलट्या टोकाचं. मे 2017 मध्ये गोरिला बघायच्या परवान्याचा दर 750 वरून थेट 1500 डॉलर झाला. एका कळपाजवळ दिवसाला आठच पर्यटक, तेही तासभर. पर्वतीय गोरिला रवांडा, युगांडा आणि काँगो सोडून कुठेच दिसत नाहीत, प्राणिसंग्रहालयातही नाहीत. युगांडाचा परवाना तेव्हा 600 डॉलरचा होता, त्यामुळे रवांडाच्या राजधानीत, किगालीला उतरून गाडीने सीमेपलीकडच्या ब्विंडीच्या जंगलात जाणारे निघालेच. पण रवांडाने दर मागे घेतला नाही. परवानेच दिवसाला जेमतेम शंभरेक. तेवढी तयारीची माणसं जगभरातून मिळाली की झालं, सरासरीशी रवांडाला देणंघेणं नाही. कोस्टा रिकाला मात्र दाराशी येणारे हजारो लोक सांभाळायचे होते.

हल्ली पोआसचं परदेशी माणसाचं तिकीट पुन्हा 15 डॉलरच्या वर गेलंय. मधल्या तीस वर्षांत महागाईने डॉलरही स्वस्त झालाच म्हणा. पण आता ते तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागतं, म्हणजे विमान आणि हॉटेलच्या हिशेबातच ते बसून जातं.