फायली परत आल्या, मग मशीन का उठत नाही?

पावसाळा लागला की दापोलीपासून मालवणापर्यंतच्या ओळखीच्यांचे तेच फोन. वीज गेली, आली, पुन्हा गेली, डिस्क बसली. "बॅकअप होता रे, आरसिंकने सगळा परत टाकला. पण काळ्या पडद्यापुढे सरकतच नाही!"

आरसिंक (लिनक्सवर फायलींची नक्कल करणारं साधन) तुम्हाला येतो, त्यावर वेळ घालवत नाही. नक्कल करणाऱ्या दुसऱ्या साधनाचं, डीडीचंही थोडक्यात: त्याला फायली कळत नाहीत, तो पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्यापर्यंत डिस्कचा ठसा घेतो. 500 जीबीच्या डिस्कवर 40 जीबीच माल असला तरी वाचणार पूर्ण 500. नवी डिस्क निदान तेवढी हवी. आयएफ-ओएफची (कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं, याची) अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते, आणि त्याला औषध नाही.

घोळ होतो तो पुढे. पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी), बूटलोडर (सिस्टम उठवणारा प्रोग्राम, इथे ग्रब), फाइलसिस्टमचा यूयूआयडी (तिचा ओळख-क्रमांक), हे सगळे डिस्कवरचे ब्लॉकच, म्हणून डीडीबरोबर आपसूक येतात. आरसिंक म्हणजे टेंपोत भरलेलं सामान. घर तुम्ही नवं बांधलंत, त्याचा पत्ता नवा, पण सामानातल्या वहीत पत्ता जुनाच लिहिलेला.

ती वही म्हणजे एफएसटॅब, कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणारी फाइल. नव्या पार्टिशनवर एमकेएफएस (फॉरमॅट करणारी कमांड) चालवलंत की नवा यूयूआयडी तयार होतो; परत आणलेल्या एफएसटॅबमध्ये आणि ग्रबच्या कॉन्फिगमध्ये मात्र मेलेल्या डिस्कचा. म्हणून आरसिंक संपला की लगेच रीबूट करू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरच (ज्यावरून तात्पुरतं लिनक्स चालवलंत त्यावर) थांबा. नवी रूट (सिस्टमचं मुख्य पार्टिशन) माउंट करा, म्हणजे जोडा, आणि बीएलकेआयडी कमांडने नवे यूयूआयडी बघून तिच्यातला एफएसटॅब सुधारा. मग यूईएफआय (नव्या धाटणीचं फर्मवेअर असलेलं) मशीन असेल तर बूटलोडरचं ईएफआय पार्टिशनही त्याच्या जागी माउंट करा (ते फॅट फाइलसिस्टममध्ये वेगळं बनवावं लागतं, हे हटकून विसरतात). डेव्ह, प्रॉक, सिस हे चालू सिस्टमचे फोल्डर नव्या रूटमध्ये बाइंड करा (जोडा), सीएचरूटने आत शिरा, म्हणजे पुढच्या कमांड नव्या रूटवर चालतील, ग्रब-इन्स्टॉल आणि डेबियन-उबुंटूवर अपडेट-ग्रब चालवा. ग्रब नीट झाला पण एफएसटॅबमधली होमची (तुमच्या फायलींच्या पार्टिशनची) ओळ जुनीच राहिली, तर सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) 90 सेकंद त्या नसलेल्या डिस्कची वाट बघून तुम्हाला इमर्जन्सी मोडमध्ये सोडतो. तिथे पोचून लोक पुन्हा पहिल्यापासून आरसिंक करतात. कशाला? एक ओळ बदला.

डीडीत नेमकं उलटं: यूयूआयडी दोन्ही डिस्कवर सारखेच. जुनी डिस्क काढल्याशिवाय बूट करू नका, नाहीतर चाललंय कुठल्या डिस्कवर तेच कळणार नाही.

माझं मत विचाराल तर रोजच्या बॅकअपला आरसिंकच. डीडी क्वचित, आणि तोही डिस्क माउंट नसताना. चालू सिस्टमचा डीडी घेणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. मरणाऱ्या डिस्कला डीडी नकोच, खराब डिस्कसाठीच बनवलेला डीडीरेस्क्यू वापरा.

आणि आरसिंकचा बॅकअप एक्सफॅट फाइलसिस्टमच्या पेनड्राइव्हवर ठेवू नका. तिथे फायलींचे मालक, परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फायली) टिकत नाहीत. परत आणल्यावर मशीन बहुधा उठणारच नाही, आणि उठलंच तरी पहिल्याच सुडोला (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) ते सांगेल की सुडोचा मालक रूट, म्हणजे प्रशासक, नाही.